नत्राची झुडपं आणि उस्मानाबादी शेळी

बालाघाटाच्या पठारावर भूम, वाशी, परंडा भागातल्या मुरमाड रानांतून मे महिन्यात फिरलं, तर बांध बहुधा उघडेच दिसतात. कुठे एखादी बाभूळ, कुठे हिवर, मध्येच तरवडाचा झुपका. या उघड्या बांधांवर हवेतला नत्र धरणारी झुडपं लावावीत, ती बियांपासून वाढवावीत आणि त्यांच्या पाल्यावर कोरडवाहू जमीन सुधारावी, ही कल्पना महाराष्ट्राला काही नवी नाही. निदान चार दशकं ती शिफारशींत, प्रशिक्षणांत आणि शिवारफेऱ्यांत फिरते आहे. या काळात झाडांची नावं बदलत गेली. आधी सुबाभूळ आली, मग गिरिपुष्प म्हणजे ग्लिरिसिडिया आलं, मधूनमधून शेवरी आणि हादगा यांची आठवण निघाली. बांध मात्र बराचसा होता तसाच राहिला. याची थोडी कारणं बियाण्यात आहेत, थोडी जिवाणूंत, आणि बरीचशी युरियाच्या पिशवीत व शेळीच्या तोंडात.

जगात अशा कणखर झुडपांची चर्चा बरीचशी थंड मुलखांतून होते. सायबेरियातून आलेलं कॅरागाना हे शेंगवर्गीय झुडूप कॅनडाच्या गवताळ मैदानांवर वारा अडवण्यासाठी मैलोन्‌मैल लावलं गेलं. लडाखमध्ये सीबकथॉर्नची काटेरी जाळी सिंधू आणि नुब्राच्या काठांवर उणे वीस अंशांतही तग धरते. कॅरागाना शेंगवर्गीय असल्यामुळे त्याची सोबत रायझोबियम गटाच्या जिवाणूंशी. सीबकथॉर्न शेंगवर्गीय नाही, त्याच्या मुळांवर फ्रँकिया नावाचे वेगळेच सूक्ष्मजीव राहतात. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या सुरूच्या मुळांवरही हाच फ्रँकिया असतो. सीबकथॉर्नसारखी थंड प्रदेशातली बियाणी रुजवायची तर ती ओल्या वाळूत मिसळून काही आठवडे गारठ्यात ठेवतात, कारण हिवाळा सरल्याची खूण पटल्याशिवाय त्यांतली बरीचशी कोंब काढत नाहीत.

भूम, वाशी, परंडा ज्यात येतात त्या धाराशिव जिल्ह्याला, म्हणजे जुन्या उस्मानाबादला, प्रश्न थंडीचा नाही. इथला हिवाळा झुडपाला मारण्याइतका कडक नसतो. मारतो तो उन्हाळा, आणि त्याहून अधिक पावसाळ्यातला खंड. वर्षाला सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मोजक्या दिवसांत पडून मोकळा होणारा. अशा मुलखातल्या बियाण्याने गारठ्याची वाट पाहण्याऐवजी वेगळी युक्ती केली आहे: कवच इतकं टणक ठेवायचं की पहिल्या फसव्या सरीचं पाणी आत शिरूच नये.

कवच कसं फुटतं

बाभूळ, सुबाभूळ, दशरथ घास यांची बियाणी याच जातीची. सुबाभळीचं चपटं, तपकिरी, चकचकीत बी वाटीभर पाण्यात रात्रभर भिजत घातलं आणि सकाळी पाहिलं, तर बरीचशी बियाणी जशीच्या तशी तळाशी पडलेली असतात. थोडीच फुगून दुप्पट झालेली दिसतात. फुगली ती उगवणार, उरलेली कदाचित पुढच्या वर्षी, कदाचित त्याच्या पुढच्या. रानाच्या दृष्टीने ही शहाणी व्यवस्था आहे. एकाच पावसावर सगळी पिढी पणाला लागत नाही. शेतकऱ्याला मात्र सगळं बी एकदम उगवायला हवं असतं. म्हणून पाणी तापवून साधारण 80 अंशांवर आणायचं, चुलीवरून उतरवायचं, त्यात बी तीन-चार मिनिटं ठेवायचं आणि लगेच गार पाण्यात टाकून रात्रभर भिजवायचं. खळखळ उकळत्या पाण्यात बी जास्त वेळ राहिलं तर आतला गर्भ शिजतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

बाभळीच्या बाबतीत हे काम शेळ्यांकडून करून घेण्याची जुनी पद्धत आहे. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात. रात्री वाड्यात रवंथ करताना टणक बिया तोंडातून बाहेर टाकतात, काही लेंड्यांतून पडतात. पोटातल्या आंबट रसांनी कवच झिजलेलं असतं, म्हणून वाडा झाडून गोळा केलेलं बी झाडाखालून वेचलेल्या बियापेक्षा चांगलं उगवतं. वनखात्याच्या रोपवाटिकांनीही अशा बियाण्याचा पूर्वीपासून उपयोग केला आहे. ज्या जिल्ह्याने आपलं जुनं नाव एका शेळीच्या जातीला दिलं, तिथे ही पद्धत अधिक पसरायला हरकत नव्हती.

गिरिपुष्पाची गोष्ट उलटी. त्याच्या बियाला कोणतीही प्रक्रिया लागत नाही. ओल मिळाली की आठवड्या-दीड आठवड्यात कोंब दिसतो. अडचण आहे ती बी हाती लागण्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलं येतात, पुढे शेंगा धरतात, आणि कडक उन्हात वाळल्यावर त्या तडकन पिळवटून फुटतात. बी लांब उडून जातं. म्हणून शेंग हिरवी सोडून पिवळसर-तपकिरी होऊ लागली की तोडायची, पोत्यावर पसरून वर जाळी टाकायची आणि ती जाळीखाली फुटू द्यायची. दमट प्रदेशात या झाडाला शेंगा नीट धरत नाहीत. मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा बीजोत्पादनाला उलट सोयीचा आहे.

तरीही बहुतेक ठिकाणी गिरिपुष्प फांद्या खोचून लावलं जातं. ते सोपं आहे, वर्षभरात हिरवं दिसतं, आणि छायाचित्रालाही बरं. पण खोचलेल्या फांदीला सोटमूळ नसतं. तिची मुळं वरच्या थरात आडवी पसरतात आणि पिकाच्या ओलीत वाटेकरी होतात. बियापासून आलेलं रोप पहिल्या वर्षी वरून किडकिडीत दिसलं तरी खाली उतरत असतं. मुरमाड जमिनीत, जिथे वरची वीतभर माती डिसेंबरातच कोरडी पडते, तिथे दुसऱ्या उन्हाळ्यात टिकणं या सोटमुळावर ठरतं.

शेंगा आहेत, गाठी नाहीत

नत्राच्या झुडपांविषयी सर्वांत पसरलेला गैरसमज म्हणजे शेंग धरणारं प्रत्येक झाड जमिनीला नत्र देतं. चिंच, आपटा, बहावा, गुलमोहर, तरवड, टाकळा, सामाजिक वनीकरणाने रस्त्याकडेला भरपूर लावलेलं काशीद, ही सगळी शेंगवाली मंडळी आहेत. पण त्यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. बांधावर तरवड माजला म्हणजे नत्राची सोय झाली, असं समजण्यात अर्थ नाही. तरवडाचे इतर उपयोग आहेत. गुरं-शेळ्या तोंड लावत नसल्यामुळे माती धरून ठेवायला तो चांगला. गाठी येतात त्या बाभूळ, हिवर, शेवरी, हादगा, पांगारा, करंज, पळस, गिरिपुष्प, सुबाभूळ आणि अर्थातच तूर यांना.

या गाठींचं कोडं सुटलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. 1886 मध्ये जर्मनीतल्या हेलरिगेल यांनी शेंगवर्गीय पिकं हवेतला नत्र वापरतात हे मांडलं आणि 1888 मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा करून दाखवला. शेतात त्याची परीक्षा करायला प्रयोगशाळा लागत नाही. महिना-दीड महिन्याचं रोप खुरप्याने मातीसकट अलगद उचलायचं, मुळं पाण्यात खळबळायची आणि एखादी गाठ नखाने चिरायची. आत गुलाबी किंवा लालसर रंग दिसला तर कारखाना चालू आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखंच एक द्रव्य तो रंग देतं. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसती बसून खाणारी आहे.

प्रत्येक झुडपाला आपापला जिवाणू लागतो. सोयाबीनचं पाकीट तुरीला चालेलच असं नाही, हरभऱ्याचं शेवरीला नाहीच. तुरीला, बाभळीला चालणारे जिवाणू आपल्या जमिनीत बहुधा असतात. बाहेरून आलेल्या सुबाभळीच्या बाबतीत तसं गृहीत धरता येत नाही; तिथे जुन्या झाडाखालची ओंजळभर माती रोपवाटिकेच्या मिश्रणात घालणं हा साधा उपाय आहे. तूर-सोयाबीनसाठी रायझोबियमची 250 ग्रॅमची पुडी दहा किलो बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवून चोळायची, बी सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं, ही पद्धत आता बऱ्याच जणांना माहीत आहे. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. पण पुडीतला माल जिवंत असतो. दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली मे महिना काढलेली पुडी चोळून काही होत नाही, आणि मग दोष बियाण्याला लागतो.

आणखी एक गोष्ट शिफारशींत अर्धवट सांगितली जाते. झुडूप नत्र धरतं ते आधी स्वतःसाठी. मुळांतून झिरपून शेजारच्या ज्वारीला मिळणारा वाटा थोडा असतो. खरा नत्र मातीत जातो तो पानं गळली, पाला कापून टाकला, मुळं कुजली तर, किंवा शेळीने पाला खाल्ला आणि लेंडीखत परत रानात आलं तर. नुसतं लावून सोडून दिलेलं झुडूप बांधाला सावली देतं, पिकाला फारसं काही देत नाही.

युरियाची पिशवी

इथे हिशेब मांडायला हवा. गिरिपुष्पाच्या एक टन ओल्या पाल्यात साधारण सहा-सात किलो नत्र असतो. युरियाच्या 45 किलोंच्या पिशवीत 46 टक्क्यांप्रमाणे 20 किलोंच्या थोडा वर नत्र येतो. म्हणजे एका पिशवीची बरोबरी करायला तीन टन पाला कापायचा, वाहायचा आणि पसरायचा. एक एकराच्या चौकोनी तुकड्याला चारी बाजू मिळून अडीचशे मीटर बांध येतो. दर अर्ध्या मीटरला एक धरलं तर पाचशे झुडपं, आणि प्रत्येकाने वर्षाला सहा किलो ओला पाला दिला तर तीन टन. झाडांना हे अशक्य नाही. माणसाला मात्र परवडत नाही, कारण अनुदानामुळे ती पिशवी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते आणि तीन टन पाला कापण्याची मजुरी त्याच्या कितीतरी पट होते.

नत्राच्या झुडपांचा प्रचार आजवर बहुधा या आकड्यावर अडखळला. पाल्यासोबत सेंद्रिय कर्ब येतो, पालाश येतं, माती भुसभुशीत होऊन ओल धरते, हे सगळं खरं आहे आणि युरिया यातलं काहीच देत नाही. पण हा फायदा तीन-चार वर्षांनी दिसतो, आणि मजुरी त्याच आठवड्याच्या बाजारच्या दिवशी द्यावी लागते. शिवाय बांध दोघांचा असतो. शेजाऱ्याच्या दोन तासांवर सावली पडली की बांधाचं भांडण तहसीलपर्यंत जातं. म्हणूनच मराठवाड्यात बांधावर पसरट बाभळीपेक्षा सरळसोट वाढणारी रामकाठी बाभूळ चालवून घेतली जाते. तिची सावली थोडकी.

यातून एकच निष्कर्ष निघतो. नत्रासाठी म्हणून लावलेलं झुडूप टिकत नाही. दुसऱ्या कशासाठी तरी उपयोगी पडणारं टिकतं आणि नत्र त्याच्या मागोमाग येतो. महाराष्ट्रातल्या पानमळ्यांत शेवरी, हादगा, पांगारा पिढ्यान्‌पिढ्या लावले गेले ते नागवेलीला आधार म्हणून. शेवरीचं बी मळ्यात ओळीने टोकायचं, वेल चढेपर्यंत ती माणसाच्या डोक्यावर गेलेली असते. तिच्या पाल्याने मळ्याची माती सुपीक होते, हा वरचा लाभ.

सुबाभळीचा धडा

सुबाभळीकडे याच कसोटीवर पाहावं लागेल. मेक्सिकोकडचं हे झाड. 1970 नंतरच्या दशकात हवाईतले उंच वाण आले आणि उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांच्या बायफ संस्थेने चारा, सरपण आणि पडीक जमिनीसाठी त्यांचा मोठा प्रसार केला. 'चमत्कारी झाड' असा तेव्हा जगभर बोलबाला होता. मग 1988 मध्ये कोवळ्या शेंड्यांतला रस शोषणारी एक बारीक कीड भारतात पोहोचली आणि अनेक ठिकाणी शेंडेच जळाले. दुसरी तक्रार उलट टोकाची: जिथे कापणी थांबली तिथे सुबाभळीने इतकं बी गाळलं की रान तिचंच झालं. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक जातींच्या यादीत ती आहे. गिरिपुष्पावरही अशीच टीका होते. पुण्याच्या टेकड्यांवरच्या त्याच्या एकसुरी लागवडीखाली इतर काही वाढत नाही, हे तिथले निसर्गप्रेमी वारंवार सांगतात. वेडी बाभूळ तर नत्र धरणाऱ्यांतलीच, आणि ती कुणीही न लावता मराठवाड्याच्या ओढ्या-नाल्यांत ठाण मांडून आहे.

सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. फार खाल्लं तर जनावरांचे केस गळतात, गलगंड होतो. 1980 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं की हवाईतली जनावरं हाच पाला भरपूर खाऊनही धडधाकट राहतात. तिथल्या शेळ्यांच्या पोटातला रस ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना पाजला आणि त्यांनाही पाला पचू लागला. त्या रसात हे काम करणाऱ्या जिवाणूला पुढे जोन्स यांचंच नाव मिळालं. आपल्याकडची सावधगिरी साधी आहे: सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये आणि तोही हळूहळू वाढवत न्यावा.

उस्मानाबादी शेळी इथे मध्यभागी येते. बहुतेक काळी, मांसासाठी नावाजलेली, एका वेताला जुळी देणारी ही जात धाराशिव, तुळजापूर, लातूर, उदगीर या पट्ट्यातली. भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांचा हातखर्च, दवाखाना, शाळेची फी तिच्यावर चालते. झुडूप लावण्याच्या प्रत्येक योजनेत ती शत्रू ठरवली जाते, कारण पहिल्या दोन वर्षांतलं कोवळं रोप तिच्या तावडीत सापडलं की संपलं. चरायला सोडलेली शेळी सहसा गिरिपुष्पाच्या उग्र वासाने आणि करंजाच्या कडवटपणामुळे तोंड फिरवते. कुंपण नसलेल्या बांधासाठी हीच दोन नावं पुन्हापुन्हा सुचवली जातात त्याचं कारण हे. पण ज्या कुटुंबाकडे शेळ्या आहेत त्याला शेळी न खाणारं झुडूप कशाला हवं? तिथे शेवरी, हादगा, दशरथ घास, सुबाभूळ घराजवळच्या सांडपाण्यावर वाढवून, पाला कापून दावणीला टाकणं हा मार्ग आहे. गिरिपुष्पाचा पालाही दिवसभर सुकवून थोडाथोडा दिला तर शेळ्यांना सवय होते. पाला दावणीत गेला की कापणीची मजुरी दूध-मांसातून वसूल होते आणि नत्र लेंडीखतातून रानात जातो. युरियाच्या पिशवीशी स्पर्धा करायची वेळच येत नाही.

घरचं झुडूप: तूर

या साऱ्या चर्चेत जिल्ह्यातलं सर्वांत यशस्वी नत्राचं झुडूप नजरेआड होतं, कारण त्याला कुणी झुडूप म्हणत नाही. तूर ही मूळची भारतातलीच; तोडली नाही तर काही वर्षं जगू शकणारी. सोयाबीनच्या ओळींत तुरीचं तास धरण्याची पद्धत इथे घट्ट रुजली आहे. बियाला भिजवण्याची गरज नाही, वाफसा आला की टोकण करता येते. मुळं खोल जातात, ऑगस्टचा खंड ती सोसते, आणि डिसेंबरपर्यंत गळलेल्या पानांचा पातळ थर जमिनीवर राहतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने या मुलखासाठी वाण दिले: वांझ रोगाला तोंड देणारी बीएसएमआर 736, आणि पाच महिन्यांच्या आसपास निघणारी पांढरी बीडीएन 711, जी हलक्या रानात ओल संपण्याआधी हाती लागते. डाळ बाजारात, भुसा जनावरांना, तुराट्या कुडाला आणि सरपणाला. नत्राचं नाव न घेता तूर टिकली.

कोणत्या रानात काय

धाराशिवचं रान एकसारखं नाही, म्हणून उत्तरही एक असू शकत नाही. तेरणा, मांजरा काठच्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचतं. तिथे ते सोसणारी शेवरी आणि खरिपाआधी गाडायला धैंचा शोभतात. भूम-वाशी-परंड्याच्या बरड माळांवर हिवर आणि रामकाठी बाभूळ यांच्याशी बाहेरचं कुठलं झाड बरोबरी करत नाही. तिथे वाड्यातलं बी वापरून चरात थेट पेरणी करावी. मध्यम जमिनीच्या बांधाला बियापासूनचं गिरिपुष्प ठीक, मात्र खरिपाच्या आणि रब्बीच्या पेरणीआधी कमरेच्या उंचीवर छाटण्याची तयारी असेल तरच. सुबाभूळ लावायची तर डोळ्यासमोर, शेंग वाळण्याआधी कापता येईल अशी. हादगा भाजीच्या फुलांसाठी परसात बरा; वारंवार बुडातून छाटलेला तो सोसत नाही.

वेळापत्रकही पावसाच्या स्वभावाप्रमाणे आखावं लागतं. पिशवीतली रोपं फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरली तर जून-जुलैत वीत-दीड वीत होऊन लावायला तयार असतात. त्याहून जुनी रोपं ठेवली की पिशवीच्या तळाशी सोटमूळ गुंडाळतं आणि बियापासून वाढवण्याचा फायदाच जातो. थेट पेरणी मृगाच्या पहिल्या सरीवर करू नये. चांगली ओल खाली उतरल्यावर, आर्द्रात, एका जागी तीन बिया टाकाव्यात. गरम पाण्यातून काढलेलं बी फुगलेलं असतं, त्याला खंड सोसत नाही. म्हणून निम्मं बी प्रक्रिया केलेलं आणि निम्मं तसंच, असं मिसळून पेरलं तर पहिली फळी करपली तरी दुसरी शिल्लक राहते. पहिल्या वर्षी रोपाभोवतीचं तण काढणं आणि बोराटीच्या फांद्या लावणं, एवढ्यावर निम्मं यश आहे.

राहिला प्रश्न बियाण्याचा. कृषी सेवा केंद्रांत सोयाबीन आणि तुरीच्या पिशव्यांची चळत लागते; शेवरी, गिरिपुष्प, हिवर यांचं बी तिथे क्वचितच दिसतं. रोजगार हमीतून बांधावर लागवडीला मजुरी मिळू शकते, आणि 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातही हा जिल्हा होता. पण रोपं पिशवीतून येतात, बहुधा उशिरा, आणि जात गावाने निवडलेली नसते. गावोगावच्या बचत गटांना एप्रिलमध्ये शेंगा गोळा करून, वाळवून, राख लावून ठेवण्याचं काम आणि त्याचा ठरलेला भाव मिळाला, तर जूनच्या पेरणीसाठी गावातच, गावाच्या पसंतीचं बी तयार असेल. त्यासाठी लागणारी सामग्री म्हणजे पोती, जाळी, झाकणाचे डबे आणि पाणी तापवायचं एक पातेलं.